लाल पेट्रोल

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी मंगुबेनच्या शेतात मशीन खांद्याला अडकवलं, तेव्हा बांधावर सहा माणसं उभी होती. कामाला त्यातलं एकही नव्हतं. सगळे बघायला आलेले. फत्तुभाईंची छोकरी मशीन चालवणार म्हणून.

फत्तुभाई म्हणजे माझे बाबा. खरं नाव फत्तेसिंहराव. पणजोबा बडोद्याच्या सरकारी फौजेत होते, तेव्हापासून घरात अशीच नावं ठेवतात. आता आम्ही डभोईच्या अलीकडं राहतो आणि लोकांचं पीक कापतो, गवत कापतो, झाडाच्या फांद्या उतरवतो. श्रावणात अशीच एक लिंबाची फांदी उतरवताना बाबा खाली आले. उजवं मनगट मोडलं, आत प्लेट घातलीय. मूठ वळत नाही. चहाचा कप डाव्या हातानं धरतात आणि उजवा हात मांडीवर ठेवून त्याच्याकडं बघत बसतात.

मशीन म्हणजे ब्रश कटर. लांब नळी, मागं इंजिन, पुढं दातांचं गोल पातं. बाबांनी मला दोन वर्षांपासून शिकवलंय. दहावीला मास्तरांनी सगळ्या वर्गापुढं माझी वही फेकली, मी ती उचलून त्यांच्याच अंगावर फेकली, तेव्हापासून मी घरीच. त्यामुळं शिकायला वेळच वेळ.

पण बाबांसोबत जाणं वेगळं आणि एकटीनं काम घेणं वेगळं. आई नाहीच म्हणत होती. माझा मामा पृथ्वीराज बडोद्यात गोत्रीला सोसायट्यांच्या बागांची कामं घेतो. तो म्हणाला होता, मशीन मला द्या आणि यशश्रीला वाघोडियाला कंपनीत लावून देतो, डबे भरायचं काम आहे, बसमध्ये बसायचं, बसमधून उतरायचं. मी भांडले. ताट सरकवून उठले. शेवटी बाबा म्हणाले, "मंगुबेनचं खेतर कापू दे तिला. जमलं तर मशीन घरात राहील. नाही जमलं तर तुझ्या भावाला फोन कर."

म्हणजे सगळं त्या तीन विघे शेतावर होतं.

आणि मंगुबेनचंही सगळं तिथंच होतं. एकटी बाई, नवरा गेलेला, वर्षाचं खायचं त्या शेतातून निघतं. आमच्याकडं भाताच्या पिकाला डांगर म्हणतात. डांगर पिकून सोन्यासारखी झाली होती आणि थोडी आडवी पडायला लागली होती. शेत नहरेला लागून खोलगट, खाली चिखल, मोठं मशीन आत घातलं की चाकं रुततात. कापणीला येणारे आदिवासी मजूर सणाला आपापल्या गावी गेलेले. आणि फोनमध्ये तिसऱ्या दिवशी पाऊस दाखवत होता. पडलेल्या डांगरीवर पाऊस आला की दाण्याला तिथंच मोड येतात. मग ते गुरांनाच.

"बेटा, थशे ने?" मंगुबेननं विचारलं. होईल ना?

"होईल, मासी. उद्या संध्याकाळपर्यंत."

सगळ्यांसमोर म्हटलं मी ते.

बाबा बांधावर उकिडवे बसले होते. "पेट्रोल बघितलं?"

"बघितलं. लाल आहे."

आमच्याकडं दोन कॅन. निळा बाइकचा, त्यात साधं पेट्रोल. पांढरा मशीनचा, त्यात तेल मिसळलेलं. या टू-स्ट्रोक मशीनला पोटात वेगळं तेल नसतं. पेट्रोलमध्येच टू-टी तेल घालायचं, लिटरला चाळीस मिली, तेच आत जाऊन जळतं आणि जळता जळता पिस्टनला तेल लावत जातं. आमचं तेल लाल. पांढऱ्या कॅनमधून लाल दिसलं की तेल पडलंय. बाबांनी पहिल्या दिवशी हेच शिकवलेलं. रंग बघ.

मी टाकी भरली, चोक दिला, दोरी ओढली. तिसऱ्या ओढीला सुरू झालं.

पहिली ओळ इतकी सरळ गेली की बांधावरचा एकजण उठून निघून गेला. त्याला बघायला काही उरलं नाही. पातं उजवीकडून डावीकडं फिरवायचं, कमरेतून, हातातून नाही. डांगर डाव्या बाजूला पडत जाते, मागं आई आणि मंगुबेन गोळा करत येतात. मला हसू येत होतं. मोठ्यानं हसलं तरी मशीनमध्ये कोणाला ऐकू जाणार होतं?

चौथ्या ओळीला आवाज बदलला.

बारीक झाला. कुत्र्याच्या पिल्लाचा असतो तसा. मी ॲक्सिलेटर दाबला. गाठीत पातं अडकलं असेल असं वाटलं. बाबा उभे राहून डावा हात हलवत होते. मला वाटलं, शाबास म्हणतायत.

मग आतून कर्र आवाज आला आणि मशीन बंद पडलं. एकदम. फिरतं पातं थांबायच्या आधी इंजिन थांबलं.

दोरी ओढली. दोरी आलीच नाही. भिंतीला बांधल्यासारखी.

"सोड," बाबा म्हणाले. ते चिखलातून आले होते, एक चप्पल मागंच राहिली होती. "ओढू नको. सीझ झालं. पिस्टन आत चिकटला."

"कसं होईल? तेल होतं ना."

बाबांनी डाव्या हातानं टाकीचं झाकण उघडलं, बोट बुडवलं, अंगठ्यावर चोळलं. परत बुडवलं, परत चोळलं. मग माझा हात ओढला आणि तळव्यावर थोडं ओतलं.

"चोळ."

तेल मिसळलेलं पेट्रोल उडून जातं आणि हात बुळबुळीत राहतो. साबणानं पण लवकर निघत नाही. माझा हात कोरडा झाला. पांढरा फटक. आणि मधोमध लाल भुकटी राहिली, चिमूटभर.

मी वास घेतला. कुंकू होतं.

बांधावर कोणीतरी म्हणालं, "छोकरीना हाथमां मशीन आप्युं, पछी आवुं ज थाय." पोरीच्या हातात मशीन दिलं की असंच होणार. दुसरा हसला. मी ढेकूळ उचललं. बाबांनी माझं मनगट धरलं.

मी आईकडं बघितलं. ती पेंढी छातीशी धरून उभी होती आणि तिला कळलं होतं. तिच्या तोंडावरूनच दिसत होतं.

झालं ते असं. खंडेनवमीला आमच्या घरात हत्यारांची पूजा असते. पणजोबांची तलवार, कोयता, विळे, पान्यांचा डबा, मशीन, सगळं पाटावर. या वर्षी आईनं तलवारीचा गंज काढायला पांढऱ्या कॅनमधलं पेट्रोल घेतलं. उरलेलं कोयत्याला, विळ्यांना. कॅन संपला. मग धुतला. आणि पूजेत रिकामं भांडं ठेवत नाहीत. म्हणून निळ्यातलं त्यात ओतलं, झाकण काढून तोंडाला हळद-कुंकू लावलं. वरचं कुंकू आत पडलं असेल. पेट्रोलमध्ये रंग उतरला.

"मला काय माहीत," आई म्हणाली. "पेट्रोल ते पेट्रोल."

"पेट्रोल ते पेट्रोल? अगं, सांगायचं तरी! एका शब्दानं!"

"रिकामा डबा कसा मांडू? या वर्षी ह्यांचा हात असा झाला. आणि पूजेत रिकामं भांडं मांडू?"

"मग आता भरलं ना भांडं? बघ, काय भरलंय त्यात! घाल आता कुंकू पिस्टनला! ओवाळ त्याला!"

मी खूप बोलले. शेतात, मंगुबेनच्या समोर, त्या चार-पाच जणांच्या समोर. अडाणी म्हटलं. तुला मला वाघोडियालाच पाठवायचं होतं, म्हणून केलंस, असंही म्हटलं. ते खोटं होतं आणि मला म्हणतानाच माहीत होतं.

आईनं पेंढी खाली ठेवली. पदर खोचला. बांधावरच्या पिशवीतून विळा काढला आणि पाचव्या ओळीला जाऊन बसली. कापायला लागली. माझ्याकडं बघितलं पण नाही.

बाबा हळूच म्हणाले, "रंग बघायला मीच शिकवलं. हात लावून बघायला शिकवायला हवं होतं."

त्या दिवशी आम्ही चौघांनी हातानं कापलं. चौघं म्हणजे साडेतीन. बाबा पेंढ्या बांधायला बसले, एक टोक दातात धरून. उन्हात कुसळं मानेला चिकटतात, घाम आला की आग होते. दिवस मावळेपर्यंत अर्धा विघा पण झाला नाही. हिशोब सोपा होता. या वेगानं सहा दिवस. पाऊस परवा.

मंगुबेन निघताना म्हणाली, "कंई नहीं, बेटा." तिनं मला शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आई आणि मंगुबेन शेतात गेल्या. आई माझ्याशी बोलली नाही. चहा ठेवला होता, झाकून. मी आणि बाबांनी अंगणात मशीन उघडलं. बाबा सांगत होते, मी करत होते. सायलेन्सर काढला, सिलिंडरचे चार बोल्ट काढले, लाकडाच्या ठोकळ्यानं हळू ठोकत ठोकत सिलिंडर वर ओढला. पिस्टन बाहेर आला. एका बाजूनं मांजरानं ओरबाडल्यासारखा. रिंग खाचेत दबून बसलेली. सिलिंडरच्या आत पिस्टनचं ॲल्युमिनियम वितळून चिकटलं होतं, चांदीचे ओघळ.

"गेलं?" मी विचारलं.

बाबांनी करंगळी आत फिरवली. "चिकटलंय ते पिस्टनचं आहे. खालचा थर नखाला लागत नाही. अजून आहे." मग म्हणाले, "नवा पिस्टन मिळाला तर बरं. डभोईला जाऊन ये. आणि तेल घेऊन ये. सीलबंद. सुट्टं घेऊ नको."

मी पिस्टन रुमालात बांधला आणि बाइक काढली.

डभोईला स्टेशनच्या रस्त्यावर हार्दिकचं दुकान आहे. पंप, पाइप, कटर, सगळ्याचे सुटे भाग. हार्दिक माझ्यापेक्षा सहा-सात वर्षांनी मोठा, कानात इअरफोन. मी काउंटरवर पिस्टन ठेवला.

"पप्पा नथी आव्या?"

"मी आलेय ना. हा पिस्टन पाहिजे, रिंगसकट."

त्यानं पिस्टन बघून शिट्टी मारली. "कोणे चलाव्युं?"

"मीच."

"एटले ज." म्हणूनच.

मी दात आवळले. भांडायला वेळ नव्हता. पिस्टन नव्हता त्याच्याकडं. बडोद्याहून मागवावा लागेल, सणाची सुट्टी, तीन-चार दिवस.

"मग टू-टी दे. सीलबंद."

तो पिंपाकडं वळला. पिंपाला पंप लावलेला, खाली काळी बाटली धरलेली. "आ ले. बधाय ले छे." सगळेच नेतात म्हणे.

"हे काय आहे?"

"तेल."

"कसलं तेल? पिंपावर तर काहीच लिहिलेलं नाही."

"अरे बेन, तेल ते तेल. नहीं तो बाइकचंच घाल ने. वीस-चाळीस नंबरचं." तो मराठी बोलायला लागला की मस्करी करत असतो.

"बाइकचं तेल इंजिनच्या पोटात बसून राहतं. ते जळायचं नसतं. ह्यात घातलं तर जळून कोळसा होईल, प्लग भरेल, रिंग परत चिकटेल. तू दुकान चालवतोस की रसाची गाडी?"

त्यानं एक इअरफोन काढला. मागून एक मोठी बाटली आणली, चकचकीत, वर होडीचं चित्र. "आ जो. टू-स्ट्रोकच छे. एकदम ऊंचा माल. चाणोदवाला नावडी माटे लई जाय."

चाणोदला नर्मदेवर होड्या चालतात, मागं इंजिन लावलेल्या. मी बाटली फिरवली. मागं बारीक अक्षरात लिहिलं होतं. मला इंग्रजी फार येत नाही, पण पाण्याचा शब्द ओळखता येतो आणि गार करण्याचा पण. बाबांनी हे दोन शब्द सिमेंटच्या पोत्यावर लिहून शिकवलेत.

"हे पाण्यानं गार होणाऱ्या इंजिनाचं आहे."

"टू-स्ट्रोक छे ने?"

"आहे. पण होडीच्या इंजिनाला गार करायला खाली अख्खी नर्मदा आहे. माझ्या मशीनला फक्त वारा. ते जास्त तापतं. एवढ्या तापाला हे टिकणार नाही."

मागं बाकावर बसलेले एक आजोबा हसले आणि म्हणाले, "आप, आप, छोकरी साची छे." दे तिला, पोरगी बरोबर बोलतेय.

हार्दिक स्टुलावर चढला. वरच्या फळीवरून, धूळ बसलेली, दोनशे मिलीची एकच बाटली काढली. हवेनं गार होणाऱ्या टू-स्ट्रोकसाठी. मी सील बघितलं. झाकणाची कडी तुटलेली नव्हती. ती घेतली, बारीक पॉलिश पेपर घेतला, पुढच्या गिअरसाठी ग्रीसची डबी घेतली. हे तेल हिरवं होतं.

"आपलं तर लाल असतं," मी घरी आल्यावर म्हटलं.

"रंगाचं नाव काढू नको," बाबा म्हणाले.

दुपारभर अंगणात बसलो. संडास धुवायचं ॲसिड काडीला कापूस गुंडाळून सिलिंडरच्या आत फक्त त्या ओघळांवर लावायचं. फसफसतं, डोळ्यात जातं, घसा जळतो. ते ॲल्युमिनियम खातं, खालच्या कडक थराला काही करत नाही. पुसायचं, परत लावायचं. मग साबणानं धुवायचं, लगेच तेल लावायचं, नाही तर बघता बघता गंज धरतो. पिस्टन मी मांडीवर घेऊन घासत होते, वरून खाली नाही, आडवा आडवा. बाबा रिंग सोडवत होते, डाव्या हातानं, ब्लेडच्या टोकानं. दोनदा ब्लेड निसटून बोटाला लागलं. तिसऱ्यांदा निसटलं तेव्हा त्यांनी सगळं खाली ठेवलं आणि उजवा हात जमिनीवर आपटला. प्लेट घातलेला हात. एकदाच. मग परत ब्लेड उचललं.

मी काही बघितलं नाही असं केलं.

खालचं गास्केट फाटलं होतं. दहावीच्या गाइडचं पुठ्ठं कापून नवं केलं. तेवढ्याच कामाला आलं ते गाइड.

संध्याकाळी बसवलं. पेट्रोल मी स्वतः मोजलं. लिटरला चाळीस नाही, पन्नास मिली. बाबा म्हणाले, जखमी आहे, जास्त पाज. धूर होईल, होऊ दे. कॅन हलवला, तळव्यावर ओतलं, चोळलं. हात बुळबुळीत झाला. परत चोळलं. मग बाबांच्या हातावर ओतलं. त्यांनी पण चोळलं.

नवव्या ओढीला मशीन सुरू झालं. पांढरा धूर. आवाज जाडा, थोडा खोकल्यासारखा, पण चालू. बाबा कान लावून ऐकत बसले.

"किती चालेल?" मी विचारलं.

"जपून चालवलं तर हा सीझन काढेल. वीस मिनिटं काप, वीस मिनिटं गार कर. पिस्टन मागवू, बदलू. पण तापवलंस तर संपलं. मग सिलिंडर पण जाईल आणि नवीन मशीन आपण घेऊ शकत नाही."

आई शेतातून आली. चालू मशीन बघितलं. पाय धुतले आणि आत गेली.

तिसऱ्या दिवशी उजाडताच सुरुवात केली. दोन दिवसांत, मशीनच्या त्या ओळी धरून, जेमतेम एक विघा झाला होता. दोन उभे होते. बाबा बांधावर मोबाइलमध्ये वेळ लावून बसले. वीस मिनिटं झाली की हात वर. मी बंद करायची, मशीन लिंबाच्या सावलीत टांगायची, ओलं फडकं जवळ धरायची पण लावायची नाही. तापलेल्यावर पाणी लागलं की तडकतं. मग वीस मिनिटं काहीच करायचं नाही. ती वीस मिनिटं मला मारून टाकत होती. मी इकडून तिकडं फिरायची, बाबा म्हणायचे, "बस."

बघायला आज कोणी आलं नव्हतं. सगळ्यांची आपापली घाई होती. आई आणि मंगुबेन मागून गोळा करत होत्या, उंच जागेवर नेऊन ताडपत्रीखाली रचत होत्या. मी जिथं कापत नव्हते तिथं आई विळा घेऊन बसायची. उठायची, वाहायची, परत बसायची. तिच्या पायांना चिखल इतका लागलेला की बूट घातल्यासारखे दिसत होते.

बारा वाजता वारा बदलला. दोनला ऊन गेलं. नहरेच्या पलीकडं आभाळ निळं-काळं झालं आणि डांगर एका बाजूला लोळायला लागली. पाऊण विघा राहिला होता.

अठरा मिनिटं झाली असतील, मशीन बारीक व्हायला लागलं. तोच आवाज. मी लगेच सोडलं, बंद केलं. सिलिंडरजवळ हात नेला, नेववत नव्हता. बाबा उठून आले होते.

"तापलंय," मी म्हटलं. "आता अर्धा तास थांबवलं तर वाचेल."

बाबांनी आभाळाकडं बघितलं. लांब, डभोईच्या बाजूला, पाऊस पडत होता. पडदा सोडल्यासारखा दिसत होता आणि आमच्याकडं सरकत होता.

"अर्धा तास नाही," ते म्हणाले.

मंगुबेन ताडपत्रीची दोरी दगडाला बांधत होती. तिनं आमच्याकडं बघितलं आणि परत दोरीकडं. तिला मशीनचं काही कळत नव्हतं. ती म्हणाली असती, बेटा, चालव, तर मी तिच्यावर ओरडले असते आणि मग कदाचित थांबले असते.

"बाबा, तुम्ही सांगा."

"मी काय सांगू?"

"चालवू की नको?"

बाबांनी पट्टा माझ्या खांद्यावर नीट केला, डाव्या हातानं, खूप वेळ लावून. "मशीन तुझं आहे," ते म्हणाले. "तू ठरव."

दोन वर्षांत असं ते पहिल्यांदा म्हणाले.

मी दोरी ओढली.

मग मी थांबले नाही. ओळीमागून ओळ. मशीन ओरडत होतं, धूर पांढऱ्याचा निळसर झाला, तापल्या तेलाचा वास नाकात बसला. पायाखाली चिखल सरकत होता. आडवी पडलेली डांगर पातं खालून घालून उचलावी लागते, तिथं जोर लागतो, तिथं मी ॲक्सिलेटर पूर्ण दाबला. मला माहीत होतं आत काय चाललंय. पिस्टन फुगतोय, रिंग खाचेत चेपतेय, तेल पुरत नाहीय. सगळं डोळ्यांसमोर दिसत होतं. तरी दाबला. पहिले थेंब हातावर पडले. एक थेंब सायलेन्सरवर पडला, चर्र झालं.

सहा ओळी राहिल्या होत्या. मग पाच.

मग कर्र.

या वेळी मी दोरी ओढून बघितली नाही. पट्टा सोडला आणि मशीन कापलेल्या बुडख्यांवर ठेवलं. त्याच्यातून वाफ निघत होती. बाबा आले आणि त्यांनी आपला शर्ट काढून त्याच्यावर घातला. काही उपयोग नव्हता त्याचा. पाऊस लागू नये म्हणून घातला एवढंच.

आता मामाला फोन जाणार. त्याला तरी काय देणार? मशीन नाही, फक्त मी. वाघोडियाची बस सकाळी सातची असते.

माझ्या कानात अजून मशीनच वाजत होतं. ते हळूहळू कमी झालं आणि मग दुसरा आवाज यायला लागला. खर्र, खर्र. पाच ओळींच्या त्या टोकाला आई बसली होती. डोक्यावर रिकामं पोतं, पाऊस पाठीवर. ती कापतच होती. मशीन बंद पडलं म्हणून मान वर केली नव्हती.

मंगुबेन माझ्या अंगावरून पेंढी घेऊन पळाली. "चाल, चाल," स्वतःलाच म्हणत होती.

मी पिशवीतून दुसरा विळा घेतला. मूठ सैल होती. आईच्या शेजारी जाऊन चिखलात बसले. ती सरकली नाही.

"आई," मी म्हटलं. "ओळ दे मला."

ती कापत राहिली. एक मूठ, दुसरी मूठ. पाऊस आता चांगला लागला होता, तिच्या नाकावरून पाणी गळत होतं. मग ती गुडघ्यावरच थोडी डावीकडं झाली. माझ्यापुढं जागा झाली.

मी डांगरीची मूठ धरली आणि विळा ओढला. मूठ मोठी झाली, विळा अडकला. मी रागानं झटका दिला.

"बारीक धर," आई म्हणाली. तीन दिवसांत पहिल्यांदा. "आणि बोटं सांभाळ."